पावण्यांनी दिलेला गॉगल

कोल्हापुरात माझ्या वयाच्या माणसानं काळा गॉगल लावला की एकच अर्थ निघतो. व्याह्यांनी, म्हणजे आमच्या पावण्यांनी, गोल्फ खेळायला म्हणून दिलेला गॉगल लावून मी पहिल्या रविवारी घराबाहेर पडलो, तर शेजारच्या काकूंनी फाटकातनंच विचारलं, "कुठल्या डोळ्याचं झालं?" मी म्हटलं, ऑपरेशन नाही, खेळायला चाललोय. त्यांना ते पटलं नाही. संध्याकाळी त्या मोसंबी घेऊन आल्या आणि चार दिवस डोक्यावरनं आंघोळ करू नका म्हणून बजावून गेल्या.

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हे. सगळा जन्म कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, प्राचार्यांना तोंडावर बोललो, रिक्षावाल्यांशी भांडलो, बँकेच्या खिडकीवर तर माझी वेगळीच ओळख आहे. बायको म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. खरं आहे. पण एका माणसासमोर माझी वाचा बसते, आणि तो माणूस म्हणजे माझ्या मुलीचा सासरा.

वाईट माणूस नव्हे हो. मूळचे कुरुंदवाडचे, शिरोलीला त्यांची फौंड्री आहे, आणि भट्टीच्या आवाजात जन्म गेल्यामुळं शेजारी बसलेल्या माणसाशीही ते पलीकडच्या शेडमध्ये असल्यासारखं बोलतात. मी रिटायर झालो तसं त्यांनीच मला ओढून मैदानावर नेलं. "पावणं, घरात बसून पेपर चघळण्यापरास चला की माझ्यासंगं." गोल्फ हा मोठ्या लोकांचा खेळ, आपलं काय काम, असं म्हणत गेलो आणि बघता बघता त्यात अडकलो. दर रविवारी सकाळी आम्ही दोघंच खेळायचो आणि नंतर लोणी डोसा खायचो. बोलायचे ते. मी मान डोलवायचो. मुलगी दिली की आपली मान थोडी खाली ठेवायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. लग्नात त्यांच्या कुणा मामांच्या ताटात जिलेबी पोचली नाही म्हणून मी, डॉक्टरेट झालेला माणूस, मांडवातनं पळत गेलतो. तिथनंच ते सुरू झालं असावं.

गॉगल त्यांनी जर्मनीहून आणला. मशीन बघायला गेलते तिकडं. मुलीच्या सासरी, सगळ्यांच्या देखत, त्यांनी तो स्वतःच्या हातानं माझ्या नाकावर बसवला. बाहेरनं निळ्या आरशासारखा चमकणारा, दांडीवर चंदेरी रेघ. "कसा हाय? नादखुळा का न्हाय?"

मला समोरचा सोफासुद्धा धड दिसत नव्हता. मी म्हटलं, "एक नंबर."

निघताना उंबऱ्यात ठेचकाळलो. मुलीनं हात धरला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, काही दिसत नाही ना त्यातनं?" मी म्हटलं, गप्प. ती हसली आणि गप्प बसली.

आता गोल्फ न खेळणाऱ्याला यातलं दुखणं कळायचं नाही, म्हणून सांगतो. लिंबाएवढा पांढरा बॉल. तो काठीनं मारायचा, तो उडतो लांब, आणि तो कुठं पडला हे डोळ्यांनी धरून ठेवायचं. मग चालत जाऊन तिथनं परत मारायचा. शेवटी हिरवळीच्या गुळगुळीत तुकड्यावर भोकात घालायचा, आणि त्या तुकड्याला बारीक उतार असतात, ते गवताच्या रंगातल्या फरकावरनं ओळखायचे. म्हणजे सगळा खेळ नजरेचा. आणि लांबचं मला या वयातही स्वच्छ दिसतं. पण या गॉगलच्या आत काच अशी गडद काळी, की गवत, सावली, खड्डा, सगळं एक व्हायचं. बॉल मारला की गेला. मी आपला उगाच एका दिशेला बघत राहायचो. मग दोघं मिळून झुडपात शोधायचो, आणि पावणं म्हणायचे, "आज हात बसंना झालाय तुमचा." हात नव्हे, डोळा. पण सांगायचं कुणी? पावण्यांची भेट. काढून ठेवली तर मान ठेवला नाही असं व्हायचं. आमच्याकडं आहेराची साडी भडक आली तरी सून ती नेसून एकदा तरी सगळ्यांना दाखवतेच. मी नाकावर तेच करत होतो, दर रविवारी.

हे एवढंच असतं तरी चाललं असतं. पण याच दिवसांत मुलगी एकदा दुपारी घरी आली. ती फिजिओथेरपिस्ट. लग्नाआधी एका हॉस्पिटलात होती आणि तिथले पेशंट तिचं नाव घेऊन यायचे. लग्नानंतर 'थोडे दिवस राहू दे' असं ठरलं. ते थोडे दिवस संपेचनात. तिची कामाची बॅग तिनं आमच्याकडंच ठेवली होती, म्हणे तिकडं जागा नाही. त्या बंगल्यात एक लग्न लागेल एवढी जागा आहे. त्या दुपारी तिनं ती बॅग उघडली, आतले पट्टे काढून परत नीट गुंडाळून ठेवले आणि म्हणाली, "पप्पा, हॉस्पिटलच्या मॅडमचा फोन आलता. या महिनाअखेरीपर्यंत माझ्यासाठी थांबतो म्हणाल्या. नंतर दुसरं कुणी घेतील."

"मग जा की."

"ह्यांना विचारलं, तर बाबांना विचारून सांगतो म्हणतात. आणि विचारत काही नाहीत. मी विचारलं तर सगळे म्हणणार, इथं काय कमी पडतंय तुला." मग बॅगेची चेन लावत म्हणाली, "तुम्ही दर रविवारी असता ना बाबांबरोबर. एवढा विषय काढाल?"

काढतो म्हटलं. त्यात काय एवढं, म्हटलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी पावण्यांच्या शेजारनं चालत होतो. मनात वाक्य घोटून घेतलेलं. म्हटलं, "पावणं."

"काय?"

"ऊन लई हाय न्हाय आज."

"म्हणून तर गॉगल दिलाय."

पुढच्या रविवारी तर मी तेवढंही बोललो नाही. माझे दोन बॉल हरवले आणि सगळा वेळ झुडपात गेला. घरी आलो तर बायको दारातच. "बोललासा?" मी गॉगल टेबलावर आपटला. म्हटलं, या भिकारड्या गॉगलमुळं माझा खेळ बिघडतोय, खेळ बिघडला की मी त्यांच्यासमोर चोरासारखा चालतो, आणि चोरासारखं चालत मुलीचा विषय कसा काढणार? आधी हे डोळ्यावरचं झापड बदलायला पायजे. ती म्हणाली, "एवढं डोकं तोंड उघडायला वापरा." मला राग आला. खरं बोलली की मला रागच येतो.

तर मी ठरवलं, बाहेरनं अगदी असाच दिसणारा, पण आतनं नीट दिसणारा गॉगल शोधायचा. पावण्यांना कळणार नाही, मानही राहील. या अकलेवर मी तेव्हा खूश होतो.

पहिलं दुकान राजारामपुरीत. गॉगल काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, असाच द्या. दुकानदारानं तो हातात घेतला, फिरवला, आणि म्हणाला, "सर, असला माल असताना दुसरा कशाला? विषय हार्ड हाय ह्यो." मी म्हटलं, दिसत नाही त्यातनं. त्यानं स्वतःच्या डोळ्याला लावला, ट्यूबलाइटकडं बघितलं. "दिसतंय की." तुला डोक्यावरची ट्यूब बघायचीय, मला दोनशे पावलांवरचा बॉल बघायचाय, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्यानं मला हिरो घालतात तसले चार दाखवले. एकात मी गुरांच्या बाजारातला दलाल दिसत होतो.

दुसऱ्या दुकानात पोरगी हुशार होती. पण म्हणाली, खेळायचे म्हणजे हे घ्या, आणि सायकलवाले घालतात तसला कानापर्यंत वळलेला पिवळाजर्द गॉगल काढला. दिसत होतं त्यातनं छान. पण तो लावून व्याह्यांसमोर जायचं म्हणजे सरळ सांगायचं की तुमचा टाकून दिला.

महाद्वार रोडच्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात शेवटी जमलं, म्हणजे जमेपर्यंत माझा जीव गेला. त्यांच्याकडं निळी आरशी काच असलेले बरेच होते, आणि आतनं एक काळा, एक हिरवट, एक तपकिरी. आता बघायचं कशावर? दुकानाबाहेर दिसतात त्या मोटारसायकली. मला गवत पायजे होतं. समोर एक बाई मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेली. मी एकेक गॉगल लावून दारात उभा राहायचो आणि तिच्या पाटीकडं टक लावून बघायचो. काळ्यातनं मेथी आणि कोथिंबीर एकच. हिरवट काचेतनं सगळंच हिरवं, त्या बाईसकट. तपकिरी लावला आणि एकदम मेथीचं पान वेगळं, कोथिंबिरीचं वेगळं, देठ वेगळा, पानाखालची सावली वेगळी. मी पुढं होऊन वाकून बघायला लागलो.

"काय बगतायसा मघाधरनं? घ्यायची असली तर घ्या, न्हायतर सरका."

मी चार जुड्या घेतल्या. दुकानदारानं दांडीवर चंदेरी रेघवाला तसलाच गॉगल तपकिरी काचेत दोन दिवसांत मागवून दिला. दोन्ही शेजारी ठेवले तर मलाच ओळखू येईना. खरा मी कपाटात बनियनच्या खाली ठेवला. घरात आठवडाभर मेथी.

महिन्याचा शेवटचा रविवार. पहिलाच फटका मारला आणि बॉल उडताना, वळताना, पडताना, एक उडी घेऊन थांबताना दिसला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. हिरवळीवरचे उतार तळहातावरच्या रेषांसारखे दिसत होते. मी एकामागनं एक बरोबर घालत गेलो. पावणं आधी गप्प झाले, मग खूश झाले, मग फौंड्रीच्या आवाजात सुरू झाले. "म्हणलं न्हवतं? गॉगल कसला आणलाय! बसला की शेवटी डोळ्याला!"

बघा. जर्मनीच्या गॉगलचं कौतुक. माझ्या मेथीचं काहीच नाही. आणि विषय तर जिथल्या तिथंच. खेळ सुधारला की बोलेन म्हटलं होतं ना? खेळ सुधारला. तरी तोंड उघडंना. मी त्यांच्या शेजारनं पहिल्यासारखाच मान डोलवत चाललो होतो, फक्त आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं. महिना संपत होता, घरी ती बॅग तशीच होती, आणि मी हिरवळीचे उतार बघत होतो. मला माझाच एवढा संताप आला की काठी फेकून द्यावी वाटली.

तेवढ्यात पावणं म्हणाले, "आणा हिकडं, मी लावून बगतो एकदा."

नको म्हणायच्या आत त्यांनी तो माझ्या डोळ्यावरनं काढून घेतला. जसा घातला होता तसाच, स्वतःच्या हातानं. लावला. लांब झाडांकडं बघितलं, खाली गवताकडं बघितलं. मग काढून उलटा केला आणि काच उन्हात धरली.

"ह्यो मी दिल्याला न्हवं."

"न्हवं."

"माझा काळा हुता. दुकानात मीच लावून बगितलता."

मी म्हटलं, "त्यातनं मला काही दिसत नव्हतं पावणं. पहिल्या दिवसापासनं."

"मग सांगायचं की."

"तुम्ही दिलता."

त्यांनी गॉगल माझ्या हातात दिला आणि चालायला लागले. मोठ्यानं बोलणारा माणूस गप्प चालतो तेव्हा शेजारच्याला फार लांब चालल्यासारखं वाटतं. मला वाटलं, संपलं. गॉगल गेला, मान गेला, आता याचं सगळं पोरीच्या वाट्याला येणार. पुढच्या भोकासाठी पहिला फटका जिथनं मारायचा, तिथं जाऊन ते थांबले. बॉल खाली ठेवला, पण मारला नाही.

"पावणं, एक इचारू? सूनबाई पण सगळ्याला छान हाय, छान हाय म्हणती. जेवाण छान, घर छान. ती पण असंच करती काय?"

इतके रविवार घोटलेलं वाक्य होतं. ते लागलंच नाही.

"व्हय," मी म्हटलं.

"काय पायजे तिला?"

"ते तिलाच विचारा."

त्यांनी खिशातनं फोन काढला, तिथंच उन्हात उभं राहून तिला लावला आणि स्पीकरवर घेतला, त्यांना तशीच सवय आहे. "बाळ, मी बोलतोय. तुला आमच्याकडं काय कमी पडतंय काय? काय पायजे असलं तर सांग."

"नाही बाबा, काही नाही," तिकडनं लगेच आवाज आला. "सगळं छान आहे."

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. मी पुढं झालो आणि फोनकडं वाकून म्हटलं, "बाळ, मी पप्पा. मी गॉगलचं सांगून टाकलं त्यांना. दिसत नव्हतं म्हणून."

तिकडं मागं कुठंतरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"बाबा," ती म्हणाली, "मला परत कामाला जायचंय."