कोंबडी अशी का बसलीय?

ठाकुर्लीला आमच्या चाळीमागच्या बुद्धविहारात रविवारी एक ताई मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायच्या. लेकीला मी तिथं नेऊ लागले ते भीतीपोटी. ती दुसरीत होती. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलेलं, "घडाघडा वाचते हो, पण काय वाचलं विचारलं की नुसती बघत राहते."

मीही अशीच होते. पाठ करून रेटलं, सहावीत काहीच कळेना तेव्हा घरी बसले. लातूरकडचं गाव सोडून इतक्या लांब आलो, ते हिचं तरी तसं होऊ नये म्हणून.

ताईंनी कोंबडीच्या गोष्टीचं पुस्तक घरी दिलं. वाचून घेणं म्हणजे पाठ करून घेणं, एवढंच मला ठाऊक. आठवडाभर घोकून घेतलं. रविवारी लेक ओळींवर बोट फिरवत सुटली. मध्ये दोन पानं एकदम उलटली, तरी तोंडात मागच्याच पानाचं चालू! पोरं खदाखदा हसली. "रेडिओ लागलाय रे, रेडिओ!"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी ओळींवर तळहात ठेवला. नुसतं चित्र उघडं. "कोंबडी अशी का बसलीय गं?"

मीच बोलले, "मांजरापासून अंडं लपवतेय ना? सांग की!"

"अहो, तुम्हाला नाही विचारलं. विचारलं की थांबायचं. तुम्हाला थांबताच येत नाही."

लागलं ते बोलणं. पण एवढ्या आपलेपणानं इथं मला कुणी रागावलंही नव्हतं.

घरी तेच व्हायचं. प्रश्न माझा, उत्तर माझं, वर ओरडा तिला. एकदा "तुझंही माझ्यासारखंच होणार" म्हणत मी रडले, तर तिनं पुस्तक उशीखाली सरकवलं.

मग एका दुपारी मेथी निवडायला घेतली, पुस्तक दोघींच्या मध्ये उघडं ठेवलं, ओळींवर हात ठेवला आणि विचारलं, "कोंबडी अशी का बसलीय?" मग मी माझे ओठ घट्ट मिटले. ती बघत राहिली. माझी जुडी संपली, मी दुसरी सोडली. गेलं सगळं, असं वाटलं.

"मांजर अंड्याकडं बघतच नाहीये," ती म्हणाली. "कोंबडीच उगीच घाबरलीय."

मी हात उचलून ओळी वाचल्या. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मांजर खरंच खिडकीबाहेर बघत होतं.

तिनं पान उलटून आपला तळहात तिथल्या ओळींवर ठेवला. "आता काय होईल? तू सांग."

मी वाकून चित्र बघू लागले.

"थांबते मी," ती म्हणाली.