अक्रोडाची तोंडं

त्या वर्षी न्यूरेंबर्गच्या नाताळबाजारात गरम वाइनपेक्षा जास्त खपली ती हेडविग आयख्नरची भानगड. सत्तरी गाठलेली बाई. रोज सकाळी, बाजार उघडायच्या आधी, टोपलीवर फडकं टाकून ऑटमार शीडलचा जिना चढते म्हणजे काय! ऑटमार पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता विधुर, पण मिशा अजून मेण लावून पिळलेल्या. डिसेंबरात सकाळी सातलाही तिथं अंधारच असतो, त्यामुळे संशयाला चांगलंच खतपाणी मिळालं.

शेजारच्या दुकानात आल्यामसाल्याची बिस्किटं विकणारी रोस्विता तर रोज ताजी बातमी मागायची. “काय गं, आज मिशांना मेण होतं का?”

“तुझ्या बिस्किटांवर बर्फ पडतोय, ते झाक आधी,” हेडविग म्हणायची. तिला या चिडवण्याचं काही वाटत नसे. खोट्याचा भार तो किती असणार!

टोपलीत असायचे कोरे अक्रोड. आयख्नर नवराबायको त्रेचाळीस वर्षं सुक्या आलुबुखारांची माणसं करून विकत होते. तारेत ओवलेल्या आलुबुखारांचे हातपाय, अंजिराचं पोट, वर अक्रोडाचं डोकं. धड हेडविग करायची, तोंड तिचा नवरा लेओनहार्ट रंगवायचा. त्याच्या हातची तोंडं गावात ओळखली जात. पाव भाजणारा काढला तर आपल्याच गल्लीतला वाटावा. पण दोन वर्षांमागं लेओनहार्टच्या नजरेचा मधला भाग गेला. समोर बघितलं की माणसाचे नुसते कान दिसायचे. तो म्हणाला, डोळ्यांना काय विचारायचंय, हाताला पाठ आहे. आणि रंगवतच राहिला. एक डोळा गालावर, ओठ कानाखाली. हेडविग ती डोकी मुकाट्यानं घेई आणि विक्रीची ऑटमारकडून रंगवून आणी. लेओनहार्टला हे कळलं तर तो खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

नको ते त्याच्या कानावर घातलं रोस्वितानं. मोडकी बिस्किटं द्यायच्या निमित्तानं घरी गेली आणि निव्वळ आपुलकीपोटी ऑटमारच्या जिन्याचं सगळं सांगून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेओनहार्ट काठी टेकत गर्दीतून दुकानाशी आला. चेहरा लाल झालेला. हेडविग परगावच्या एका बाईला धुराडी झाडणारा आलुबुखारी माणूस कागदात गुंडाळून देत होती. तिचं होईपर्यंत हाताला चाळा म्हणून त्यानं फळीवरचा एक माणूस उचलला, डोक्यावरून बोट फिरवलं आणि थांबला. मग त्याची टोपी काढली.

अक्रोडाचं टोक लेओनहार्ट नेहमी खाली घ्यायचा, त्याची हनुवटी करायचा. ऑटमारला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं टोक वर घेतलं होतं आणि हेडविगनं ते टोपीखाली दडपलं होतं.

“हे माझं नाही,” लेओनहार्ट म्हणाला.

हेडविगनं पुडकं त्या बाईच्या हातात दिलं आणि त्याच्याकडे वळली.

“ऑटमार रंगवतो? म्हणून जातेस?”

“म्हणूनच.”

“आणि माझी?”

“तळघरात. बटाट्यांच्या मागं. टाकवली नाहीत रे.”

मध्येच कुणीतरी फळीवरच्या आलुबुखारी नवरीची किंमत विचारली. हेडविगनं सांगितली. ते महाग म्हणून पुढं गेले.

चर्चच्या सज्ज्यात तेव्हा तुताऱ्या वाजत होत्या. लेओनहार्ट पुढं वाकला. “मी भांडायला आलो होतो गं. मिशीवाल्याचं काय करायचं तेसुद्धा ठरवून आलो होतो. तेच खरं असतं तर बरं झालं असतं.” मग त्यानं विचारलं, “रोस्विताला काही ऐकू गेलं?”

“नाही. मान वाकडी करतेय, पण तुताऱ्या आहेत.”

“मग तेच राहू दे. बायको गेली म्हणू देत. हात गेला म्हणायला नकोत.”

हेडविग काही बोलायच्या आत तुताऱ्या थांबल्या. लेओनहार्ट ताठ उभा राहिला आणि चार दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “एवढा आवडतो ना तो? मग नाताळचं जेवणही त्याच्याकडेच जेव!”

टोपी काढलेला माणूस फळीवर ठेवून तो निघून गेला. सॉसेजवाल्याचा चिमटा हवेतच राहिला. हेडविगनं मान खाली घातली, टोपी उचलली आणि ते टोक पुन्हा झाकलं. कबूल केल्यासारखंच दिसलं ते.

त्या दिवसापासून रोस्वितानं तिला एकदाही चिडवलं नाही. भानगड खरी निघाली की मजा जाते. सकाळी हेडविग आली की ती बिस्किटं नीट लावत पाठ करून उभी राही, आणि हेडविग उगाचच बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राही.