जाऊन-येऊन तीस

कामावर सगळे त्याला ‘वीतभर’ म्हणत. गॅसच्या नळीवरची शेवटची वीतभर माती तो कुणालाही पहारीने काढू देत नसे. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाची पहार अशाच नळीवर बसली. भाऊ उठला नाही. भावजयीला सांगायला हाच गेला. पुढे पुतण्याला खोदाईच्या मशीनवर त्यानेच लावलं, तेव्हा ती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

त्या दिवशी इंजिनीअर पोरीने जमिनीखालची नळी शोधणाऱ्या रडारची ढकलगाडी उताराच्या तळापर्यंत आणली.

“लहर नळीवर आपटून परत यायला तीस नॅनोसेकंद,” ती म्हणाली. “जाऊन-येऊन तीस, म्हणजे नुसतं जायला पंधरा. नॅनोसेकंदाला पंधरा सेंटिमीटर. नळी सव्वादोन मीटरवर.”

“मग दीड मीटर मशीनने उडवतो,” पुतण्या म्हणाला. “काका, तुमची वीत आज खिशात ठेवा.”

‘वीतभर’ खाली वाकला. मूठभर माती घेऊन दाबली. बोटांच्या फटींतून पाणी आलं.

“बाई, वेगाचे हे पंधरा कुठून आणले?”

“सकाळी वरच्या टोकाला नळी उघडी होती. तिथे मोजून काढले.”

“तिथे माती कोरडी ठणठणीत. इथे पाण्याची लाइन महिनाभर गळतेय. तुमची लहर चिखलातही तशीच पळते?”

पोरीचा चेहरा उतरला. “नाही. निम्म्यावर येते. काका, मी आकडा बदललाच नाही. सात धरले तर... एक मीटर पाच सेंटिमीटर.”

पुतण्याने मशीन बंद केलं. बराच वेळ तो खाली उतरलाच नाही.

वीतभरने फावडं घेतलं. ओली माती जड असते. एका फावड्यात दोन फावड्यांचं वजन. दोन तास लागले. शेवटची वीत त्याने बोटांनी काढली. नळी एक मीटर आठ सेंटिमीटरवर होती.

“ये खाली,” तो पुतण्याला म्हणाला. “हात लाव.”

पुतण्याने हात लावला.

“गार आहे ना? तुझ्या बापाला एवढं कळायलाही वेळ मिळाला नाही.”

पोरीने टेपने खोली मोजून नवा वेग वहीत लिहिला. पुढच्या खड्ड्यावर पाऊण मीटर झालं तेव्हा ‘थांब’ म्हणून कुणी हात वर केला नव्हता. पुतण्याने आपणहून मशीन थांबवलं, खाली उतरला आणि काकाच्या हातातलं फावडं घेतलं.