बेचाळिसाव्या किलोमीटरचा दगड

गुलाबराव खोब्रागड्यांचे बारा अर्ज मधुकररावांनी आपल्या हाताने लिहिले, आणि तरीही हा माणूस त्यांना फारसा ठाऊक नव्हता. गुलाबरावांच्या बायकोचं नाव रत्नमाला, हे त्यांना गुलाबराव गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारापुढच्या मंडपात कळलं. तुटलेला रूळ वेळेवर पाहून गुलाबरावांनी एकदा भरलेली गाडी थांबवली होती आणि रेल्वेने त्याबद्दल त्यांना घड्याळ दिलं होतं, हेही तिथेच, कुण्या परगावच्या माणसाच्या तोंडून कळलं. बारा वेळा समोरासमोर बसूनही मधुकररावांनी कधी घरचं विचारलं नाही, आणि गुलाबरावांनी आपण होऊन सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये एक टेबल असायचं, एक कार्बन पेपर, आणि एक रेल्वे लाईन. तीही अजून न झालेली.

मधुकरराव बेलटोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर. अक्षर वळणदार, आवाज मात्र बारीक. चार माणसांत बोलायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करायचे. गुलाबराव अगदी उलटे. रेल्वेत चाबीवाला म्हणून त्यांनी एकतीस वर्षं छोट्या लाईनवर काढलेली. खांद्यावर हातोडा टाकून रोज सहा किलोमीटर चालत जायचं, सहा किलोमीटर परत यायचं, आणि वाटेत रुळाची जी चाबी ढिली दिसेल ती ठोकून बसवायची. बोलणंही तसंच झालं होतं. ढिलं दिसलं की ठोकणार.

ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन काही वर्षं लोटली होती. गोंदियाचं मोठं जंक्शन पलीकडच्या जिल्ह्यात गेलं. अलीकडे खुद्द भंडाऱ्याच्या माणसालाही गाडी धरायची तर वरठीला जावं लागायचं, मग पवनीकडच्या खेड्यांना कोण विचारतो? "एकतीस वर्षं दुसऱ्याच्या गावची गाडी सांभाळली मी," गुलाबराव म्हणायचे. "माझ्या गावात हातभर रूळ नाही."

अशात एका उन्हाळ्यात तिपाई घेऊन सर्व्हेवाले आले. भंडाऱ्याहून पवनीकडे नवी लाईन टाकायचा प्रस्ताव होता. माल आणि प्रवासी, दोन्हीसाठी. तीन दिवस गुलाबराव त्यांच्या मागे फिरले. पाणी पाजलं, नाल्याचा पूर कुठवर चढतो ते दाखवलं. गुलाबरावांची धानाची बांधी आणि शेजारच्या रुखमाबाईंची बांधी यांच्यामधल्या धुऱ्यावर सर्व्हेवाल्यांनी एक दगड रोवला आणि त्यावर लाल रंगाने ४२ लिहिलं. भंडाऱ्यापासून बेचाळिसावा किलोमीटर. इथे एक थांबा होऊ शकतो, असं त्यातला एक जण सहज बोलून गेला. तो सहज बोलला, गुलाबरावांनी मात्र ते घट्ट धरलं. दुसऱ्याच दिवशी ते पहिल्या अर्जासाठी पोस्टमास्तरांच्या दारात हजर. लाईनखाली त्यांची स्वतःची अर्धी बांधी जाणार होती. त्याबद्दल काही लिहायचं का, असं मधुकररावांनी विचारलं.

"लिहा की घ्या म्हणा," गुलाबराव म्हणाले. "फक्त गाडी थांबवा."

अर्ज जात राहिले. उत्तरं आली तर एकाच साच्यातली यायची: आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे. गुलाबराव ते उत्तर मास्तरांकडून वाचून घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, पुढे म्हणजे कुठे, तिथेच एक अर्ज टाका.

दोन पावसाळ्यांत दगडावरचा आकडा विरला आणि नुसता तांबडा डाग उरला. मग एका मंगळवारी त्या डागावर ताजा शेंदूर दिसला. पुढच्या मंगळवारी शेंदूर आणि नारळ. लावणाऱ्या रुखमाबाई. साठी ओलांडलेली, कष्टाळू बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गुलाबरावांनी ते पाहिलं. रविवारी सकाळी बादली घेऊन गेले, दगड घासून धुतला, त्याला चुन्याचा हात दिला आणि वर काळ्या रंगाने ४२ काढलं, रेल्वेत साहेबाच्या तपासणीआधी किलोमीटरचे दगड रंगवायचे तसं. मंगळवारी पुन्हा शेंदूर. रविवारी पुन्हा चुना. असं एक-दोन महिने नाही, चार वर्षं चाललं. त्या दोघांनी एकमेकांशी त्यावर एक शब्द काढला नाही. गावाला मात्र करमणूक झाली; आज दगड पांढरा की लाल, यावरून पोरं वार ओळखायला लागली.

काही जणांना हे खटकत होतं. बौद्ध माणूस आपला देव धुतो, अशी कुजबुज पारावर सुरू झाली. कुणीतरी ती मुद्दाम गुलाबरावांच्या कानावर घातली. ते तसेच पारावर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी देव कुठं धुतला? तो देव नाही, तो बेचाळीस किलोमीटर आहे. तुमचा देव तुमच्या देवळात आहे, त्याले मी हात लावला काय?" मधुकररावही तिथेच बसले होते. त्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला.

मग दुसऱ्या सर्व्हेचं पत्र आलं. जुन्या खुणा तपासून मार्ग पक्का करायचा होता, आणि पत्रात एक ओळ होती: मार्गात धार्मिक स्थळ आढळल्यास मार्ग बदलण्यात येईल. बदलून जाणार कुठे, हे गुलाबरावांना नकाशाशिवाय कळत होतं. नाल्याच्या पलीकडून, गावापासून अडीच किलोमीटर दूर. म्हणजे थांबा गेला.

नेमकं त्याच महिन्यात भैयाजींना त्या दगडाची भक्ती आठवली. भैयाजी गावातले मोठे शेतकरी, देवस्थान समितीचे अध्यक्ष. सरळ मार्गात त्यांची चार एकर बांधी जात होती, वळसा पडला तर वाचत होती. त्यांनी ग्रामसभेत विषय मांडला: जागा जागृत आहे, ओटा बांधू, वर टिनाचं शेड टाकू, सर्व्हेवाले यायच्या आत करू. माना डोलल्या.

गुलाबराव उठले. पत्र मधुकररावांच्या खिशात होतं. वाचून दाखवायचं, असं आदल्या दिवशीच ठरलं होतं. "मास्तर, वाचा," ते म्हणाले.

मधुकरराव उभे राहिले. कागद उघडला. दीडशे माणसं त्यांच्याकडे पाहत होती. अक्षरं दिसत होती, समजत होती, पण आवाज फुटेना. कुणीतरी मागून म्हणालं, पोस्ट बंद आहे. हशा पिकला. मधुकरराव खाली बसले.

गुलाबरावांनी कागद त्यांच्या हातून घेतला आणि न उघडता खिशात ठेवला. त्यांना वाचायला वेळ लागायचा, म्हणून सगळं पत्र त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. जावक क्रमांकापासून सहीपर्यंत त्यांनी ते खडखडीत म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "समजलं काय? ओटा बांधला की लाईन नाल्यापलीकडं. चार एकर कोणाची वाचते, थे मी सांगत नाही. तुमाले मोजता येते."

बायकांच्या बाजूने रुखमाबाई उठून उभ्या राहिल्या. "गुलाबभाऊ, म्हंजे शेंदूर असला तं रेल्वे येत नाही?"

"येते. पण वळून जाते."

"मंग मी चार वर्षं शेंदूर कायले लावून राहिली?"

"मले काय ठाऊक वयनी? मी तुमाले कधी विचारलं नाही."

तेव्हा रुखमाबाईंनी सांगितलं. त्यांची लेक धुरपता ब्रह्मपुरीच्या पलीकडे दिलेली. तीन बसगाड्या बदलून जावं लागतं, आणि बसमध्ये बसलं की पहिल्या वळणाला त्यांना उलट्या सुरू होतात. पाच वर्षं झाली, लेकीचं घर पाहिलं नव्हतं. रेल्वेत उलट्या होत नाहीत, असं त्यांनी ऐकलं होतं. सर्व्हेवाल्यांच्या दगडावर तांबडा डाग पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, कामाला हात घालायच्या आधी सरकारी माणसांनीही देव मांडला. मग त्याला उघडा कसा ठेवायचा? त्यांनी नवस बोलला होता, गाडी येऊ दे म्हणून.

सभा हसली, आणि या खेपेला गुलाबरावही हसले. भैयाजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, एकदा बसलेला देव असा हलवता येत नाही, त्याला महाराज बोलवावा लागेल, मुहूर्त पाहावा लागेल.

"मीच आणला, मीच नेऊन राहिली," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमी मधात कायले येता भैयाजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी धुऱ्यावर जाऊन पाहिलं. रुखमाबाईंनी दगडाला तांब्याभर पाणी घातलं, हात जोडले, चार दाणे तांदूळ आणि बोटभर शेंदूर पळसाच्या पानावर घेतला आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीकडे निघाल्या. देव बसवायला पाळीवर एक लहान गोटा त्यांनी आधीच पाहून ठेवला होता. गुलाबराव बादली घेऊन वीस पावलांवर उभे होते. रुखमाबाई पाळ चढेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. त्या दिसेनाशा झाल्यावर मग पुढे होऊन त्यांनी दगड धुतला.

परत येताना मधुकररावांना गुलाबरावांची माफी मागायची होती. दोनदा थांबले, दोनदा चालायला लागले. गुलाबरावांनीच सोडवलं. "मास्तर, तुमचं अक्षर लय जोरात बोलते. तुमीच हळू बोलता."

आठ दिवसांनी सर्व्हेवाले आले. नव्या साहेबाने दगडाभोवती फेरी मारली, वहीत टिपलं, आणि आकडा कुणी काढला म्हणून विचारलं. गुलाबरावांनी आपलं नाव सांगितलं आणि रेल्वेतला जुना हजेरीचा तिकीट नंबरही सांगितला. मार्ग सरळ राहिला.

पण पुढच्या वर्षी जे पत्र आलं त्यात लिहिलं होतं की प्रवासी संख्या अपुरी असल्याने सध्या फक्त मालवाहतुकीचा विचार आहे. तांदूळ, खनिज, सिमेंट. थांब्याचा उल्लेख नव्हता. मधुकररावांना वाटलं, संपलं आता. वाचून दाखवताना त्यांनी आवाज आणखी बारीक केला. गुलाबरावांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"लिहा," ते म्हणाले. "तांदूळ गाडीत बसू शकते, तं तांदूळ पिकवणारे काहून नाही?"

मधुकररावांनी सवयीने सुरुवात केली: प्रवासी वाहतुकीबाबत फेरविचार होण्यास विनंती. गुलाबरावांनी कागदावर हात ठेवला. विनंती अकरा वेळा झाली, आता मी बोललो तसंच लिहा. साहेब नाराज होतील, मधुकरराव म्हणाले. होऊ द्या, नाराज झाले म्हणजे वाचलं तरी, असं गुलाबराव म्हणाले.

मधुकररावांनी ते एकच वाक्य लिहिलं. खाली गुलाबरावांनी सही केली. मग मधुकररावांनी पेन उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि त्या सहीखाली आपलीही सही केली. अकरा अर्जांवर ती नव्हती. गुलाबरावांनी कागद उचलून शाई फुंकून वाळवली आणि परत दिला.

त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. अर्ज गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात गुलाबराव वारले. त्याआधीच्या रविवारी ते चुन्याची बादली घेऊन मधुकररावांच्या फाटकावरून चालले होते.

"अर्ज गेला काय मास्तर?"

"गेला. रजिस्टर केला."

"पावती?"

"ठेवली आहे."

"जपून ठेवजा."

"चहा घेता का?"

"आता नाही. येतानी घेतो. चुना वाळून राहिला."