अडेनियमचा चीक

आमच्या साखरा गावात माझ्या अडेनियमच्या झाडाला लोक ‘मास्तरचं मडकं’ म्हणत. दूरच्या बेटावरची दुर्मीळ जात. बी लावून वर्षं लोटली तरी झाड गुडघ्याच्या वर गेलं नाही, नुसतं बुडाशी फुगलं. त्या बुडात पाणी साठवून उन्हाळाभर मुकाट उभं राहायचं. मला त्याचं भारी कौतुक. पण चीक जहाल विषारी. तिकडे तो बाणाला लावून शिकार करतात, काळीजच बंद पडतं. म्हणून मी ते अंगणात उंच कट्ट्यावर ठेवलं होतं आणि घरात बजावलं होतं, पान तोंडात घालायचं नाही, शेळीला जवळ येऊ द्यायचं नाही.

एका सकाळी शाळेला निघताना पाहतो तर त्याची फांदी मोडलेली, आणि कट्ट्याशी आई टाचेला चिंधी बांधत बसलेली. बाभळीचा काटा आत मोडला होता. असा काटा वर यावा म्हणून आमच्याकडे रुईचा चीक भरतात. बांधावरच्या रुईपर्यंत लंगडत कोण जाणार? तिने सुईने रक्त येईपर्यंत टाच कोरली होती आणि माझ्या झाडाचा चीक भरला होता. मी ओरडलोच.

“खाऊ नका म्हणलास. मी कुठं खाल्लं?” ती म्हणाली.

तिला आधीच बीपीच्या गोळ्या. साबणाने टाच खसाखसा धुतली, तिला मोटरसायकलवर बसवलं, सेनगावच्या दवाखान्याचा रस्ता धरला. बोलत राहा म्हणालो. कुणाच्या रानातली हळद बरी, कुणाची पानं पिवळी पडली, ती सांगत राहिली. सेनगाव जवळ आलं आणि ती गप्प झाली. माझ्या पोटावरचा तिचा हात सैल पडला. मागे वळून बघायची हिंमत होईना. झाड लावणाऱ्या हाताला मी शिव्या घालत होतो.

मग कानाशी तिचा आवाज आला. “ऐक. मला काई झालं तर काटा रुतला होता, एवढंच सांग लोकायला. तुझ्या झाडाचं नाव घेऊ नको.”

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. ठोके मंद आहेत, संध्याकाळपर्यंत ठेवू, डॉक्टर म्हणाले. तो दिवस मी बाकावर कसा काढला ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी ठोके सुधारले, तिला सोडलं.

दारात शेजारच्या काकूंनी काय झालं म्हणून विचारलं. मी आईच्या देखत झाडाचं नाव घेतलं. आई इतकी चिडली, की त्या दिवशी माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाही.