पोरीच्या मेकॅनिकलचा अंदाज

संत्र्याचा बगीचा उभा असतानाच विकत घ्यायचा, हा आमचा धंदा. फळ झाडावर हिरवं असतं तेव्हाच मालकाला भाव सांगावा लागतो, म्हणून सगळा खेळ अंदाजाचा. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत, इकडे तिगाव, तिकडे मोहगाव, या पट्ट्यात माझ्या अंदाजाला मान आहे. हे मीच माझ्या तोंडानं सांगून राहिलो, पण खरं सांगायला लाज कशाची? रस्त्याच्या कडेची झाडं मी पाहतसुद्धा नाही. कडेच्या झाडाला ऊन जास्त, आणि गिऱ्हाईक तिथंच उभं राहते म्हणून मालक खतही तिथंच ओततो. मी सरळ बगीच्याच्या मधात घुसतो, दहा झाडं मोजतो, काढणीपर्यंत गळून पडणारं फळ त्यातून वजा करतो, आणि मगच तोंड उघडतो.

माझी एकुलती एक पोरगी बारावी झाली आणि म्हणाली, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. कॉम्प्युटर घे, बँकेची परीक्षा दे, सगळं सुचवून झालं. पण ही पोट्टी लहानपणापासून आमच्या यार्डातल्या मशीनपाशी उभी राहायची. संत्री लहान-मोठी निवडायची ती मशीन, तिचा पट्टा दर दोन दिवसांनी सरकायचा. मिस्त्री यायला संध्याकाळ व्हायची, तोवर हिनं पाना घेऊन पट्टा बसवलेला असायचा. तिला दुसरं काही सुचवणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं.

नागपूरच्या एका खाजगी कॉलेजात जागा मिळाली. वर्षाची फी लाखभर, हॉस्टेल-मेसचे वरून लाखभर. चार वर्षांचे आठ लाख झाले. एवढं कर्ज द्यायचं तर बँकेला आमच्या घराचे कागद गहाण पाहिजे होते. मी आजवर कोणाचा रुपया बुडवला नाही आणि घराच्या कागदाला कोणाला हात लावू दिला नाही. तरी मी लगेच नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी अंदाज घेऊ.

कॉलेजच्या फाटकावर मोठा बोर्ड होता. हार घातलेला एक पोरगा, आणि त्याच्या फोटोखाली वर्षाचा पगार लाखांत. मी मनात म्हटलं, हे झालं कडेचं झाड. मला मधली झाडं पाहिजे होती. समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो आणि तिथून मेकॅनिकल करून बाहेर पडलेली जी पोरं आली, त्यांना विचारत गेलो. नऊ जण भेटले. दोघं बारा-बारा हजारांवर कुठंतरी रात्रपाळी करत होते, एक जण मोबाईलच्या दुकानात होता, बाकीचे नोकरीचे फॉर्म भरत होते. आठ लाखांचा हप्ता व्याज धरून महिन्याला चौदा हजारांच्या घरात जात होता. पगार बारा आणि हप्ता चौदा! मला दुसरं काही ऐकायची गरज नव्हती.

घरी येऊन सांगितलं, मेकॅनिकल होणार नाही. पोरगी जेवता जेवता उठली नाही, रडली नाही. दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही, तेवढंच. मला वाटलं, समजलं असेल तिला. तिसऱ्या दिवशी मी अंगणात दाढी करून राहिलो होतो, तेव्हा समोर येऊन उभी राहिली. विचारलं, तुम्ही गेले तो दिवस कोणता होता? म्हटलं, मंगळवार. किती वाजता? म्हटलं, बारा ते तीन.

"बाबा, मंगळवारी भर दुपारी ज्याले नोकरी हाये, तो टपरीवर कायले बसन?"

माझ्या हातातला वस्तरा तसाच राहिला. आधी मला रागच आला. मी तिला चांगलं झापलं, बापाला शिकवते का म्हणून. पण राग पोरीवर नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. झाड कुठं जात नाही, कधीही जा, मधात उभंच असते. तीच सवय घेऊन मी माणसं मोजायला गेलो. कामावरची पोरं कामावर होती आणि मी रिकामी तेवढी मोजून आलो! इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि असा तोंडावर पडलो. अर्धी दाढी तशीच ठेवून मी विचारलं, मग कुठं विचारायचं, तूच सांग.

तिनं सांगितलं, सौंसरकडच्या कारखान्यांच्या फाटकावर, पाळी सुटते तेव्हा. दुसऱ्या दिवशी तिला गाडीवर मागं बसवून नेलं. चार दिवस आम्ही वेगवेगळ्या फाटकांवर उभे राहिलो. विचारायचं काम तिचं, मी नुसता बाजूला उभा. पगार कोणी परक्याला सांगत नाही, पण ही सरळ सांगायची की मला मेकॅनिकल घ्यायचं आहे, कर्ज काढायचं आहे, खरं सांगा. लोक थांबायचे. एक जण तर घरी जायची बस सोडून बोलत राहिला. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, पहिली दोन-तीन वर्षं कोरडी जातात, मग हात बसला की पगार चढतो.

वहीत पंचवीसेक नावं झाली. रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं वही माझ्यासमोर ठेवली. सगळ्यात वरचे चार पगार तिनं खोडले होते, खालचेही चार खोडले होते. मधल्यांचा अंदाज होता, सुरुवातीला पंधरा-सोळा हजार, पाच वर्षांनी तीस. त्यातूनही तिनं चार महिने बिननोकरीचे वजा केले होते. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, देवाशपथ. माझा ऊर असा भरून आला की मी वही वाचायचं सोंग करत बसलो.

तिचं म्हणणं होतं, पंधरा हजारांत चौदाचा हप्ता बसत नाही, म्हणजे तुम्ही नाही म्हणाले ते बरोबर, फक्त कारण चुकलं. मग हॉस्टेल काढून टाका. मी पांढुर्ण्याहून रेल्वेनं अपडाऊन करते. कर्ज चार लाखांवर येते, हप्ता सातावर, आणि चार लाखांपर्यंत बँक घराचे कागद मागत नाही, बापाची सही पुरते. तिची आई म्हणाली, चार वर्षं रोज जाऊन-येऊन चार तास? पोरगी म्हणाली, हो.

बँकेत साहेबांनी फॉर्म पाहिला आणि तिच्याकडे न पाहता मला विचारलं, मुलीचं लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार? माझं डोकंच फिरलं. मी काही बोलायच्या आत तीच बोलली.

"साहेब, पगार माझा राहीन, तर हप्ताही माझाच राहीन."

साहेबांनी फॉर्म सहीसाठी माझ्यापुढं सरकवला. मी कर्जात बरोबरीनं सही केली. माझं नाव बँकेच्या कर्जावर चढलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

चार वर्षं ती गेली-आली. वर्कशॉपच्या दिवशी हाताला काळं तेल लागलेलं, ते धुवायचं त्राण नसायचं, तशीच जेवायला बसायची. पहिली नोकरी लागली ती चौदा हजारांची, आमच्या अंदाजाच्याही खाली. मी म्हटलं, वर्षभर हप्ता मी भरतो. तिनं माझ्याशी भांडण केलं. सात हजारांत तिनं खोली, जेवण, सगळं निभावलं. तिसऱ्या वर्षी सौंसरकडच्याच एका कारखान्यात आली, मशीनच्या देखभालीवर, पगार दुप्पट झाला. मग हप्त्याच्या वर पैसे भरत गेली.

मागच्या महिन्यात ड्युटीवरून आली आणि बूट न काढताच बँकेचा कागद माझ्या हातात दिला. कर्ज संपल्याचा. त्यावर तिचं नाव होतं, खाली माझं.

"बाबा, हे घ्या. तुमचं नाव मोकळं केलं मी."

मला रडू आलं. तिच्या आईसमोर, तिच्यासमोर, मी सरळ रडलो. मग तोंड धुतलं, तो कागद खिशात घातला आणि यार्डात जाऊन जो भेटला त्याला वाचून दाखवला.