उचला म्हणजे काय उचला?

पूर्णिमा लग्न होऊन औशाहून खडकीला आली, तेव्हा 'थँक्यू'सुद्धा तिला तोंडात घोळवून म्हणावं लागे. योगासनं मात्र अंगात मुरलेली. शनिवार पेठेत आनंदीताईंच्या योगवर्गात ती मदतनीस म्हणून लागली. गेल्या हिवाळ्यात ताई घसरून पडल्या, मनगटाला प्लास्टर बसलं, आणि परदेशी पाहुण्यांचा सकाळचा वर्ग पूर्णिमाच्या गळ्यात पडला.

पहिल्याच दिवशी तिला सगळ्यांना उभं करायचं होतं. पाठ केलेलं आठवून ती ठणकावून म्हणाली, "रेज!"

एकाने हात वर केला, एकीने पाय. एका पोक्त जर्मन बाईंनी विचारलं, "रेज व्हॉट?"

उरलेला तास तिने खाणाखुणांवर कसाबसा निभावला. वर्गाच्या खालच्याच मजल्यावर श्रीनिवास केळकर राहत, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. ती तडक त्यांच्या दारात गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"सर, माझं काय चुकलं?"

"अहो, उठायचं तर 'राइज'. 'रेज' म्हणजे उचलणं. नुसतं 'उचला' म्हटल्यावर माणसाने उचलायचं काय? हात, की बिऱ्हाड?" असं म्हणत सरांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारायचं. उत्तरावाचून वाक्य लटकत असेल, तर ते क्रियापद सकर्मक. त्याला कर्म द्यावंच लागतं. आता 'होल्ड' घ्या. काय धरायचं?"

"गुडघा."

"मग तसं बोला की!"

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला, तशी ती म्हणाली, "ब्रिंग!"

"काय आणू?" संतोषने विचारलं.

"बघा, पडला ना प्रश्न!" ती टाळी वाजवून म्हणाली. संतोष पिशवी घेऊन दारातच उभा.

दुसऱ्या दिवशी 'रेज युवर राइट आर्म' म्हणताच सगळे उजवे हात एकदम वर गेले. ती इतकी हरखली, की हात खाली घ्यायला सांगायचंच विसरली. शेवटी शवासन आलं. नुसतं 'स्लीप' तिला अपुरं वाटलं, म्हणून ती म्हणाली, "स्लीप युवर बॉडी!" जर्मन बाई आडव्या पडल्या पडल्याच हसू लागल्या, मग सगळेच. पूर्णिमाही.

हे ऐकून सर म्हणाले, "झोपेला कर्म लागत नाही हो. ती आपली आपण लागते."

प्लास्टर निघाल्यावर ताई एकदा मागे बसून वर्ग पाहत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "हा वर्ग आता तूच घे. मला सकाळी निवांत चहा पिऊ दे."

त्या दिवशी पूर्णिमाने पाव किलो पेढे घेतले आणि खडकी येईपर्यंत निम्मे बसमध्येच वाटून टाकले.